खिडकीची मापं

माझ्या भाचीनं मला न मागता चहा आणून दिला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. ही पोरगी स्वतःचा कपसुद्धा कधी उचलून ठेवत नाही. त्या दिवशी मात्र कप-बशी, वर दोन बिस्किटं, आणि वर पुन्हा, "आत्या, दमली असशील ना गं?" एवढं म्हणून तिनं माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. वाटलं, गालावर खडूचा फराटा राहिला असेल. तसं काही नव्हतं. चेहरा नेहमीचाच होता.

खडू म्हणजे कापडावर आखायचा. मी पडद्यांच्या दुकानात कटर आहे. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि दुकानात येऊन कापड आखायचं, कापायचं. शिवणारे वेगळे असतात, आणि चुका झाल्या की त्या माझ्या असतात. लग्न केलं नाही. दादा-वहिनींकडे राहते. त्यांची एकुलती एक मुलगी कॉलेजात आहे. लहानपणी साखरेच्या डब्याभोवती घुटमळायची म्हणून मी तिला मुंगी म्हणायला लागले, आणि आता ती कितीही उंच झाली तरी मुंगीच आहे. वहिनीला नोकरी, दादाला फिरती, त्यामुळे ती वाढली बरीचशी माझ्याच मांडीवर. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं आणि ती गोड होती.

तर चहामागचं कारण एक कादंबरी होती.

साहित्याच्या सरांनी वर्गाला एक जुनी, थोर कादंबरी वाचायला लावली होती. ही कादंबरी घराघरात असते आणि सहसा कोणी वाचलेली नसते. आमच्याकडेही होती. माझ्या टेबलावर होती, कारण कापड आखताना ते सरकू नये म्हणून त्यावर वजन ठेवावं लागतं, आणि त्या कामाला या ग्रंथासारखं दुसरं काही नाही. जाड पुठ्ठा, सपाट पाठ, कोपरे शाबूत. घरी आणलेली कितीतरी कामं मी या थोर लेखकाच्या भरवशावर पार पाडली. आत काय आहे हे पाहण्याची वेळ कधी आली नाही. मुंगी ते उचलून घेऊन गेली तेव्हा मला कुकरच्या झाकणावर भागवावं लागलं.

सरांनी सांगितलं होतं म्हणे, की गोष्टीचा सारांश नको, समीक्षकांची मतं नकोत, निबंधात मला तुमची वैयक्तिक प्रतिक्रिया हवी. पुस्तकातलं माणूस आपल्या घरात शोधा. सर तरुण असावेत. घरात माणसं शोधायला गेलं की काय होतं याचा त्यांना अनुभव नसावा.

मुंगीनं आधी वहिनीत नायिका शोधली. वहिनी ऑफिसातून आली की बूट काढता काढता तीन जणांना फैलावर घेते, तेव्हा नायिका काही जमेना. दादात खलनायक शोधला, तर दादा टीव्हीसमोर झोपलेला. मग उरले मी. आणि कादंबरीत नेमकी एक आत्या निघाली.

ही आत्या सगळ्या कादंबरीभर खिडकीत उभी असते. तिचा माणूस दूर कुठल्या खाणीवर नोकरीला गेलेला असतो, येतो म्हणून सांगून. तो काही येत नाही. ती बोलत नाही, कुणाला दोष देत नाही, भाचीच्या वेण्या घालते आणि संध्याकाळ झाली की खिडकीत जाऊन उभी राहते. शेवटी खोकून खोकून मरते. हे मला मुंगीनंच सांगितलं, डोळे पुसत, मी भाजी चिरत असताना.

"वाईट झालं," मी म्हणाले. "औषध नाही घेतलं?"

तिनं माझा हात हातात घेतला. त्यात सुरी होती, तरी घेतला.

आता अडचण अशी, की मी त्या दिवसांत खरोखरच खिडकीत उभी राहत होते. रोज संध्याकाळी, दुकानातून आले की. मुंगी मागून येऊन विचारायची, "आत्या, काय बघतेयस?"

"मापं घेतेय."

"कसली?"

"समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्यांची. नवीन आहे, सगळ्यांना पडदे लागणार."

तिचा मुळीच विश्वास बसला नाही. 'हं' असं लांब म्हणून ती गेली. वहिनीकडे चौकशी केली, तेव्हा वहिनीनं हात पुसत सांगून टाकलं, की होता बाई एक तिच्या ओळखीचा, गेला परगावी. मुंगीला एवढंच हवं होतं. आता तो माणूस खरोखर होता, हे मी नाकारत नाही. आमच्या दुकानात कापडाचे नमुने घेऊन यायचा. खाताना तोंडाचा इतका आवाज करायचा की बाजूच्या मशीनचा आवाज ऐकू येत नसे. तो बदली होऊन गेला आणि जाताना माझी चांगली कात्री घेऊन गेला. मी वाट पाहिली असेल तर त्या कात्रीची.

आणि खिडकीतून मी मापं घेत नव्हते हेही खरं.

समोरच्या बिल्डिंगचं काम आमच्या दुकानाला मिळालं होतं आणि मापं घ्यायला मीच गेले होते. तिसऱ्या मजल्यावर एका निवृत्त नर्सबाईंनी एक खोली घेऊन ठेवली होती, भाड्यानं द्यायला. खोली, छोटं स्वयंपाकघर, दोन खिडक्या. मी टेप लावला, आकडे लिहिले, आणि मग उगाच दार लावून पाहिलं. कडी बसली. आत मी एकटी होते. इतक्या वर्षांत किती खिडक्या मोजल्या असतील, कुणाच्या घरात दार लावून बसावंसं वाटलं नव्हतं. तिथे वाटलं.

घरी मला काही त्रास आहे का? अजिबात नाही. पण मी झोपते बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. दादाची मॅच संपली, वहिनीचा फोन संपला, मुंगीची मैत्रीण गेली, की मग माझी गादी पसरते. मला आजारी पडायचं असलं तरी आधी सगळ्यांचं आटोपावं लागतं. मला स्वतःचं दार हवं होतं, एवढंच. नर्सबाईंनी पहिल्या तारखेपर्यंत खोली माझ्यासाठी थांबवून ठेवायचं कबूल केलं. मी ठरवलं होतं, मुंगीचा तो निबंध एकदा होऊ दे, मग घरी सांगते. तोपर्यंत रोज संध्याकाळी खिडकीतून माझ्या दोन खिडक्या बघून घ्यायचे. कोपऱ्यात टेबल, उजेडाकडे पलंग, असं मनातल्या मनात लावून पाहायचे.

मधल्या काळात माझे मात्र लाड चालू होते, आणि मी ते करून घेतले. खोटं कशाला बोलू? भांडी मुंगी घासायला लागली. टीव्हीसमोरची चांगली खुर्ची मला मिळाली. एकदा नुसती खिडकीत उभी राहून सुस्कारा सोडला, तर दुसऱ्या दिवशी गरम मोजे हजर. वहिनीला ओट्यावर हात आपटायचा होता तो तिनं आवरला. साहित्याचे असे फायदे असतील हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

निबंधांचं वाचन कॉलेजच्या हॉलमध्ये होतं आणि घरच्यांना बोलावलं होतं. मी दुसऱ्या रांगेत, एका बाजूला दादा, एका बाजूला वहिनी. मुंगी उभी राहिली. आवाज सुरेख लागला होता तिचा.

"माझ्या घरात एक खिडकी आहे," तिनं सुरुवात केली, "आणि त्या खिडकीत एक न आलेलं पाऊल रोज वाजतं."

मी दचकून वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं पर्समधून रुमाल काढला होता.

पुढे मी होतेच. माझे खडूनं माखलेले हात होते. दुसऱ्यांच्या खिडक्या सजवणारी आणि स्वतःच्या खिडकीत अंधार जपणारी मी होते. मी मापं घेते म्हणते, पण मी मोजते ते अंतर, तो गेला तिथपर्यंतचं. (त्याची बदली बसनं जाण्याइतक्या अंतरावर झाली होती.) मी विझत चाललेली ज्योत होते, कोरडी पडलेली विहीर होते, आणि एके ठिकाणी बहुतेक पोपट होते, पिंजऱ्याचं दार उघडं असून न उडणारा. हॉलमध्ये नाक ओढल्याचे आवाज यायला लागले. दादा, जो स्वतःच्या लग्नात जांभया देत होता, तो हुंदके देत होता.

मला काय वाटलं? मला लाज वाटली. चारचौघांत कोणी माझा झगा मागून उसवला असावा तशी. आणि तरी, सांगायलाच हवं, पोरीनं इतकं माझ्याकडे बघितलं होतं याचा आनंदही झाला. आजवर कोणी बघितलं नव्हतं. चुकीचं का होईना, बघितलं होतं.

पहिलं बक्षीस तिलाच. सर खाली उतरून आले आणि माझा हात हातात घेऊन असे उभे राहिले, की मीच त्यांना म्हटलं, "होईल सगळं नीट." निबंध सगळ्या कॉलेजांच्या अंतिम फेरीला जाणार असं त्यांनी जाहीर केलं.

घरी आल्यावर दादानं मला खुर्चीत बसवलं आणि तो स्वतः उभा राहिला. एवढं गंभीर तोंड त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

"आमचं लक्षच नव्हतं गं तुझ्याकडे," तो म्हणाला. "पण आता तू बघच. तुला कधी एकटी पडू देणार नाही. शेवटपर्यंत इथेच, आमच्यात."

"अरे दादा, मला जरा बोलायचं..."

"काही बोलू नकोस. कळलंय आम्हाला."

दुसऱ्या दिवशी सुतार आला. दादानं गॅलरी बंद करून माझ्यासाठी खोली करायचं ठरवलं होतं. बंद म्हणजे काय, तिन्ही बाजूंनी काच. एक खिडकी होती तिच्या जागी तीन केल्या, म्हणजे मला वाट बघायला अडचण नको. दार नव्हतं. "दार कशाला?" वहिनी म्हणाली. "तू आत एकटी कुढत बसशील." आणि दादा सुताराला म्हणाला, "पडद्यांची मापं आमची बहीणच घेईल, तिचं कामच आहे ते."

मी घेतली. टेप हातात धरून त्या काचेच्या पिंजऱ्याची मापं घेतली. इतकं प्रेम माझ्यावर कोसळत होतं, की त्यातून तोंड बाहेर काढून 'मी चालले' कसं म्हणायचं तेच मला कळेना.

त्याच आठवड्यात नर्सबाईंचा फोन आला. "एक जोडपं मागे लागलंय. तुम्ही पहिल्या तारखेला किल्ली घेताय ना? नसाल तर मोकळं सांगा, मला राग नाही."

"घेतेय," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

त्या दिवशी मी मुंगीच्या टेबलावरून कादंबरी उचलली आणि दुकानात नेली. म्हटलं, या बयेनं माझ्या आयुष्यात एवढा घोळ घातलाय, तर निदान तोंड तरी बघू. जेवणाच्या सुट्टीत कापायच्या टेबलावर पाय वर घेऊन वाचायला लागले. बरेच दिवस लागले. लेखक एका बागेचं वर्णन करायला घेतो तेव्हा आपलं जेवण संपतं आणि त्याची बाग संपत नाही. पण ती आत्या मात्र मी शोधून शोधून वाचली.

आणि मला रडू आलं नाही, राग आला. खाणीवरचा तो माणूस फक्त चार पानांत येतो. पुढे ती त्याचं नावसुद्धा काढत नाही. एकदा ती बॅग भरते. मुंगीनं हे निबंधात घेतलंच नव्हतं. बॅग भरते आणि जिना उतरून येते, तर खाली घरातले सगळे जमलेले असतात. तिचा वाढदिवस असतो आणि त्यांनी तिच्यासाठी खिडकीत ठेवायला एक सुंदर खुर्ची आणलेली असते. ती बॅग वर नेऊन ठेवते. खुर्चीत बसते. ती मरते ती त्याच खुर्चीत. माणसाची वाट बघून मेली असं सगळे म्हणतात, पण मला विचाराल तर तिला खुर्चीनं मारलं.

ही माझी वैयक्तिक प्रतिक्रिया. मला कोणी विचारली नव्हती.

पुस्तक संपलं त्या संध्याकाळी जेवताना मी सांगून टाकलं. "मी पहिल्या तारखेला समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायला जातेय. तिसरा मजला. खोली बघून ठेवलीय."

दादाचा घास हातातच राहिला. "आमचं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं."

"मग गॅलरी? सुताराचं काम अर्ध्यावर आलंय!"

"मुंगीला अभ्यासाला होईल."

वहिनीनं ताटाकडे बघतच विचारलं, "तू नसलीस तर संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याला दार कोण उघडणार?" मग तिला स्वतःचंच वाईट वाटलं असावं. "तसं नव्हे गं," ती म्हणाली. पण मला ते बोलणं आवडलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणीतरी माझ्याशी सरळ बोललं होतं.

मुंगीनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "आत्या, पुढच्या आठवड्यात अंतिम फेरी आहे."

"माहितेय."

"सर म्हणालेत परीक्षक घरच्यांशीही बोलतात. तू तेवढं होईपर्यंत थांबशील? फेरी झाली की जा ना."

ऐकलं मात्र, आणि माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तुझ्या बक्षिसासाठी मी अजून आठवडाभर विझत बसू? मुंगे, मी कुणाची वाट बघत नव्हते. तो मेला कात्री घेऊन गेला तेव्हापासून मला त्याचं तोंडही आठवत नाही!"

"मग तू रोज खिडकीत काय बघायचीस?"

मी उठले, तिच्या दंडाला धरून तिला खिडकीशी नेलं आणि समोर बोट दाखवलं. तिसरा मजला, दोन खिडक्या, आत अंधार.

तिनं बराच वेळ पाहिलं. निबंधातला आवाज गेला होता तिचा. लहानपणी पडली की रडण्याआधी यायचा तो आवाज होता.

"म्हणजे तू आम्हाला सोडून जायची वाट बघत होतीस," ती म्हणाली.

सगळ्या कादंबरीत, सगळ्या निबंधात जे वाक्य नव्हतं ते हे होतं, आणि हे कुठून घेतलेलं नव्हतं. ते तिचं तिचंच होतं. सरांनी ऐकायला हवं होतं.

पहिल्या तारखेला मी गेले. सामान फार नव्हतं. दादानं गादी खांद्यावर वाहून आणली आणि वर येईपर्यंत तीनदा म्हणाला, की जिना चांगला आहे. वहिनीनं डबा दिला आणि दार लावून, उघडून, कडी तपासली. मुंगी आली नाही. तिला सराव होता.

अंतिम फेरीत तिनं तोच निबंध वाचला, एक अक्षर न बदलता, आणि पहिली आली. परीक्षक ढसाढसा रडले असं दादानं फोनवर सांगितलं. आत्या कुठे आहेत असं त्यांनी विचारलं, तेव्हा दादा म्हणाला, "ती घरीच असते. बाहेर पडत नाही." थापही बरी मारतो आमचा दादा.

आता माझ्या खोलीत टेबल कोपऱ्यात आहे आणि पलंग उजेडाकडे. दार लावते, कडी घालते, वाटेल तेव्हा झोपते. पहिले काही दिवस तर मी नुसती कडी घालून काढून बघत होते. मी सुखात आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कोणी निबंध लिहायला घेईल.

खिडक्यांना मी पडदे लावलेले नाहीत. पडदेवाल्या बाईच्या घराला पडदे नाहीत म्हणून नर्सबाई हसतात. मी सांगते, वेळ नाही. खरं असं आहे, की पडदा लावला की समोरचं घर दिसत नाही. संध्याकाळी दुकानातून येते आणि चपला न काढता खिडकीत उभी राहते. तिकडे आधी स्वयंपाकघरात दिवा लागतो, ती वहिनी. मग टीव्हीचा निळा उजेड, तो दादा. शेवटी काचेच्या गॅलरीत दिवा लागेपर्यंत मी हलत नाही. एखाद्या दिवशी उशीर झाला तर जीव खालीवर होतो. फोन करावासा वाटतो आणि करत नाही, कारण मुंगी रागावली आहे आणि मीही काही कमी नाही.

काल दिवा लागला आणि मुंगी काचेशी येऊन उभी राहिली. तिनं इकडेच पाहिलं. मी मागे सरायला हवं होतं, सरले नाही. तिनं कानाला फोन लावला आणि माझा फोन वाजला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"आत्या," ती म्हणाली, "खिडकीत काय करतेयस?"

आवाज नीट होईपर्यंत थांबले.

"मापं घेतेय," मी म्हणाले. "पडद्यांची."

"अच्छा," ती म्हणाली.

या वेळी तिचा लगेच विश्वास बसला.